पालीचा चेंडू

१

सतरा दिवसांत दुसऱ्यांदा पाली गाव हातातलं काम टाकून पळालं. पहिल्यांदा पळालं ते सिदूच्या घराकडे, त्याचा श्वास थांबला तेव्हा. या खेपेला शाळेकडे. शाळेतल्या लाकडी पेटीतून गावाचा एकुलता एक फुटबॉल चोरीला गेला होता, आणि उद्या शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला, बीडच्या मैदानावर सामना होता.

बद्रीनाथ जमादार सगळ्यांच्या पुढं होता. बीडच्या कोतवालीत तीस वर्षं नोकरी करून तो गावी परतला, तेव्हा त्याला वाटलं होतं की आता उरलेलं आयुष्य विड्या ओढण्यात जाईल. मग गहिनीनाथ मास्तरांनी गावात फुटबॉल आणला आणि म्हाताऱ्याला पुन्हा पालवी फुटली. सामन्याच्या दिवशी रेघेबाहेर घोंगडी टाकून बसणारा पहिला माणूस तो, आणि ओरडणाराही पहिला तोच. त्याचा आवाज बिंदुसरा नदीच्या पल्याड ऐकू जाई.

"थांबा! उंबऱ्याच्या आत कुणी पाऊल घालायचं न्हाई," तो आत्ताही तसाच ओरडला.

गर्दी थांबली. शाळेची एकच खोली. जमीन अजून ओलसर होती. दर गुरुवारी पहाटे जानकीबाई शाळा सारवायची आणि किल्ली मास्तरांच्या हातात परत द्यायची. तशी आजही देऊन गेली होती. मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत तिच्या बोटांच्या कमानी एकीत एक गुंतत आल्या होत्या, जशा नदीच्या वाळूवर लाटा. त्या कमानींवर माणसाचं सोडा, मांजराचंही पाऊल नव्हतं. आणि मागच्या भिंतीशी पेटी उघडी पडली होती.

बद्रीनाथ एकटाच आत गेला. पेटीत शिट्टी होती. देशमुखांच्या भाच्याचे बूट होते. देशमुखांनी हैदराबादेहून आणलेला हवा भरायचा पितळी पंप होता, सोन्यासारखा लखलखीत. चेंडू तेवढा नव्हता. झाकणाला आतल्या बाजूनं शेणाचं एक बोट लागलं होतं. खेड्यात शेण कुठं नसतं? बद्रीनाथनं ते पाहिलं आणि मनाआड टाकलं.

बाहेर येऊन त्यानं जुन्या हुद्द्याच्या आवाजात सांगितलं, "जमीन कोरी हाय. म्हंजे चोर सारवणाच्या आधीच येऊन गेला, राती कवातरी. दाराचं कुलूप शाबूत हाय. मग राती किल्ली कुणापाशी व्हती?"

गहिनीनाथ मास्तर उंबऱ्यातच उभे होते. पातळ अंगाचा, कोटाला खडूची भुकटी लागलेला माणूस. ते बद्रीनाथकडे बघत नव्हते, जमिनीवरच्या त्या कमानी बघत होते. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, एक एक. मग त्यांनी मान खाली घातली.

"माझ्यापाशी," ते म्हणाले.

२

चावडीवर सात पराभवांची गरळ एकदम बाहेर पडली.

"सात सामने घालवले, आठवा नगं म्हणून चेंडूच गडप केला!" बंकट तेली ओरडला. "हे मास्तर फळ्यावर खडूनं फुटबॉल शिकिवतात. फळ्यावर आपण येकदा बी हरलो न्हाई बे!"

"आन देशमुखांचा भाचा?" मागून कुणीतरी म्हणालं. "बूट घालून उभा ऱ्हातो. चेंडू आला की पाव्हणा आल्यावानी बाजूला सरतो, या बसा म्हणतो."

हशा पिकला, पण त्यात आनंद नव्हता. गेल्या हंगामात याच माणसांनी याच पोरांना खांद्यावर घेऊन वेशीतून नाचवलं होतं.

"सिदू पायजे व्हता," बंकटचा आवाज एकदम उतरला. "चेंडू तोंडानं भरायचा तो. येका दमात! मानंच्या शिरा तट्ट. ते बघायलाच निम्मं गाव यायचं. भरून झाला की चेंडू हसल्यावानी दिसायचा."



सुंदरराव देशमुख संघाचा सगळा कारभार बघत. कोण खेळणार, कोण बसणार, यात मास्तरांच्या फळ्यापेक्षा देशमुखांची मान जास्त हलायची. त्यांनी घसा साफ केला. "उद्या दिवस उगवायला चेंडू आला न्हाई, तर मास्तर, तुमी गाठोडं बांधा. शाळाखात्याला, तालीमातला, अर्जी मी धाडतो. चोर मास्तर आमाला नगं."

"अर्जी मागनं धाडा," बंकट म्हणाला. "आदी चपलांची माळ घालून वेशीपतोर आमी पोचिवतो."

मास्तर काहीच बोलले नाहीत. निदान नाही म्हणायला हवं होतं. ते नाही म्हणत नाहीत, हेच बद्रीनाथला टोचलं. तीस वर्षांत त्यानं चोर पुष्कळ पाहिले होते. गप्प बसणारा चोर एकही पाहिला नव्हता.

"सरकार, उद्यापतोर तपास माझ्याकडं द्या," तो म्हणाला.

गर्दी पांगली तसा तो आधी देशमुखांपाशीच बसला. "राग मानू नगा. सामना झाला न्हाई तर हार बी न्हाई. भाच्याची लाज वाचती. शक तुमच्यावर बी जातो."

देशमुख लालबुंद झाले. "मला चेंडूच चोरायचा असता तर पंप कावून आणला असता? काल इथंच बोललो न्हाई का, समद्या बायामाणसांसमोर? आता तोंडानं फुंकायचं बंद. गुरुवारी जुनी हवा सोडून द्या, पंपानं नवी भरा. शहरातल्यावानी. समद्यांनी ऐकलंय."

बद्रीनाथनं मान हलवली. पंप चेंडूपेक्षा भारी, पितळेचा, मोडीतही जाणारा. तरी चोरानं त्याला हात लावला नव्हता. ही काय जातीची चोरी?

बंकटला त्यानं घाण्यावर गाठलं. "तू म्हणलतास, पुना हरले तर चेंडू सुरीनं चिरतो."

"म्हणलतो की. देशमुखांच्या माडीला आग लावतो बी म्हणलतो. लागली का?" बंकटनं पाय पुढं केले, टाचा धुळीनं पांढऱ्या पडल्या होत्या. "राती नांदूरघाटाकडं गेलतो, भनीकडं. गाडीनं फाट्यावर सोडलं, तिथनं चालत आत्ता दिवस वर आल्यावर पोचलो. इचारा गाडीवाल्याला." मग तो जवळ सरकला. "जमादार, खरं सांगू? मला चेंडू चिरायचा नव्हता. मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या व्हत्या. सिदूला मारणाऱ्या तापाला शिव्या देता येत न्हाईत."

बद्रीनाथ उठला. हा माणूस खरं बोलत होता, आणि ज्याच्यावर शक घ्यावा तो खराच निघत गेला की तपास आपल्याच घरात शिरतो, हे त्याला ठाऊक होतं.

३

चामड्याचं काम गावात एकटा सटवा करायचा. चेंडूवरचे निम्मे टाके त्याच्या हातचे होते. आत रबराचा फुगा, फुग्याला नळी, नळी दोरीनं आवळून चामड्याच्या वादीखाली दाबलेली. हे सगळं तो डोळे मिटून करायचा.

"इकणार कुणाला त्यो चेंडू?" सटवा चामडं कापायची रापी घासत म्हणाला. "माझा टाका बीडचं पोरगं बी वळखतं. चोरानं खेळायला न्हाई नेला, इकायला न्हाई नेला. मग कशाला नेला, ते इचारा."

"तुज्याकडं कुणी आलतं का? चेंडू शिवायला, चिरायला?"

"न्हाई बा. काल सांजच्याला जानकीबाई तेवढी आलती. पखालीचं तोंड कसं आवळावं, टिपूस बी सुटू नये, इचारत व्हती. मेणाचा दोरा दिला. दोन फेरे मारून गाठ उलटी वढायची, म्हणून दावलं बी."

बद्रीनाथ उठून चालू लागला. थंडीतलं दुपारचं ऊन नदीवर पडलं होतं. जानकीबाईच्या झोपडीवरून वाट जात होती. तिचा लेक सिदू गेल्यापासून तिचं जातं मुकं झालं होतं. दळणं दुसरीकडे जायला लागली होती. आज जातं फिरत होतं. आणि जात्याबरोबर आवाज, घसा बसलेला, तरी सुरात:

वारा गं पाहुणा, माझ्या घरी उतरला
फटी मी लिंपिते, नगं जाऊ भाईरला

त्याला बरं वाटलं. बाई पुन्हा गायला लागली. दु:ख जरा हललं म्हणायचं.

चार पावलं गेला आणि थांबला.

पखाल? पखाल बैलाच्या पाठीवर असते. जानकीबाईकडे बैल नव्हता, विहीर नव्हती. पाणी ती डोईवर घागरीनं आणायची. मग टिपूस सुटू नये असं तिच्या घरात होतं तरी काय?

ओवी पुन्हा आली. फटी मी लिंपिते. बद्रीनाथच्या डोळ्यांसमोर शाळेची ओली जमीन उभी राहिली. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत आलेल्या कमानी. झाकणाच्या आतलं शेणाचं बोट. आणि त्या कमानी बघून मान खाली घालणारे मास्तर.

तो झोपडीकडे वळला नाही. त्याचे पाय तिकडे जाईनात. तो मास्तरांच्या खोलीकडे गेला.

४

मास्तर खरंच गाठोडं बांधत होते. दोन धोतरं, एक तांब्या, फुटबॉलवरचं एक फाटकं पुस्तक.

"मास्तर, सारवायला कुठनं सुरुवात करतात?" बद्रीनाथनं दारातूनच विचारलं.

मास्तरांचे हात थांबले. "लांबच्या भिंतीपासून."

"आन संपवतात कुठं?"

"उंबऱ्यात."

"म्हंजे ओल्या सारवणावर पाऊल न उमटवता भाईर पडणारं माणूस येकच. मागं सरत सारवणारं." बद्रीनाथ खाली बसला. "आधी पेटी उघडली. शेणाच्या हातानंच. चेंडू शेणाच्या पाटीत ठिवला. मग शांतपणानं जमीन सारवत भाईर आली. तुमाला किल्ली दिली, तवा चेंडू तुमच्यासमोर पाटीत व्हता. मी जमीन कोरी बघून म्हणलो, चोर राती आला. जमीन कोरी व्हती म्हणूनच तो राती आला नव्हता. तीस वरसं कोतवालीत घालवली मी! आन तुमाला उंबऱ्यातच कळलं. मग बोलला कावून न्हाई?"

"काल ती माझ्याकडे आली होती," मास्तर हळू म्हणाले. "म्हणाली, मास्तर, जुनी हवा सोडली की कुठं जाते? मी म्हणालो, वाऱ्यात मिसळते. ती उगीच उभी राहिली. मग म्हणाली, आन परत गावत न्हाई? मी हसलो हो, जमादार. पोरांना भूगोल शिकवतो तसा हसलो. सातव्या सामन्यानंतर चेंडूत कुणी हवा भरलीच नव्हती; तो शेवटचा कुणी भरला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उंबऱ्यात उभा राहिलो तेव्हा आलं."



"माझंच नाव घ्या," मास्तर म्हणाले. "मी बीडला कुठंही पोट भरीन. तिच्या दारात गाव नेऊ नका."

"येवढं कावून?"

मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "त्या सातव्या सामन्याच्या दिवशी सिदूच्या अंगात ताप होता. मला माहीत होतं. चेंडू भरायचा हट्ट त्यानं सोडला नाही, पण खेळायला मी त्याला बसवलं. घोंगडी पांघरून बस म्हणालो. देशमुखांना ताप सांगितला. ते म्हणाले, लोक जे म्हणतील ते करा. आणि मग रेघेबाहेरून ओरडा सुरू झाला."

बद्रीनाथला तो ओरडा आठवला. सिदू न्हाई तर खेळ न्हाई! मास्तर हटाव, सिदू उतराव! साऱ्या मैदानानं तोच सूर धरला होता. लोक रेघ ओलांडून आत येऊन बसले होते. सूर लावणारा आवाज बिंदुसरेच्या पल्याड ऐकू जाईल असा होता.

"मला ताप म्हाईत नव्हता," बद्रीनाथ म्हणाला.

"नव्हता," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही विचारलंही नव्हतं."

५

उन्हं कलताना तो जानकीबाईच्या दारात उभा राहिला. जातं थांबलं.

"या भाऊ," ती आतून म्हणाली. "म्या म्हणतच व्हते, कोतवालीतलं माणूस कवा येतंय."

आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली होती, तान्ह्या लेकरासाठी टांगतात तशी. झोळीत सिदूच्या मुंडाशात गुंडाळलेला चेंडू होता. चेंडू चेपला होता; एका बाजूनं गालावर खळी पडावी तसा.

"दोन गुरवार सारवताना हात लावून बघितला," ती म्हणाली. "दर खेपंला मऊ. लेकराची टाळू भरत जाती ना, त्याचं समदं उलटं. काल देशमुख म्हणले, जुनी हवा सोडा. मला वाटलं, माझ्या हातनं चाललंय ते काय कमी हाय, म्हणून लोकांनी बी सोडावं? सटवाचा मेणाचा दोरा आवळलाय. तरी जायलंय, भाऊ. धरून ऱ्हात न्हाई."

बद्रीनाथ भिंतीला टेकला. पंचनामा, मुद्देमाल, जबानी, तीस वर्षांचे सगळे शब्द त्याच्यापाशी होते आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता.

"मास्तरांवर आळ आलाय," शेवटी तो म्हणाला. "उद्या चपलांची माळ घालून काडतील त्यांला. ते तुमचं नाव सांगत न्हाईत."

जानकीबाईनं झोळीची दोरी हातात धरली. बराच वेळ हलवत राहिली.

"मास्तर चांगलं माणूस," ती म्हणाली. "त्यांनी त्याला बस म्हणलं व्हतं. घरी आल्यावर तापात सांगायचा. मी म्हणलं, मग बसला न्हाईस कावून रे बाबा? तर हसला. म्हणला, आई, बद्रीनाथकाकानं नाव घेऊन हाक मारली. येवढ्या लोकात. मग कसा बसू?"

ज्या आवाजानं हाक मारली होती, तोच आता बद्रीनाथला सापडत नव्हता.

"मीच, जानकीबाई," तो कसाबसा म्हणाला. "मी हाक मारली."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं.

तिनं चेंडू झोळीतून काढला. मांडीवर घेतला. वादी सैल केली, नळी वर ओढली, दोऱ्याची उलटी गाठ दातांनी सोडवली. नळी तिनं चिमटीत धरली आणि गालाशी नेली. डोळे मिटले. चिमूट सोडली.

बारीकसा आवाज झाला. झोपलेलं मूल कूस बदलताना करतं तसा. तिच्या कानापाशी चार पांढरे केस हलले आणि थांबले.

"ऊन असंल वाटलं व्हतं," ती म्हणाली. "गार हाय."

६

जुम्म्याच्या सकाळी चावडीवर पोरं खेळायच्या कपड्यांत उभी होती, बंकटच्या हातात चपलांची माळ होती, आणि मास्तर गाठोडं घेऊन आले होते. बद्रीनाथ मधोमध आला आणि त्यानं धोतराच्या ओच्यातून मऊ पडलेला चेंडू काढून देशमुखांपुढं ठेवला.

"मुद्देमाल," तो म्हणाला. "चोर मी."



"तुमी?" बंकटच्या हातातली माळ खाली आली. "कावून, जमादार?"

"हारायला कटाळलो व्हतो."

"पण जमिनीवर पाऊल न्हाई, कुलूप शाबूत..." देशमुख म्हणाले.

"तीस वरसं चोर बघितलेत सरकार. येवढं बी आलं नसतं व्हय?"

मास्तर पुढं सरकले. "जमादार, हे खरं..."

"माझी जबानी संपली," बद्रीनाथनं त्यांना तिथंच थांबवलं. "गाठोडं ठिवून या. आज कोण खेळणार, कोण बसणार, ते तुमी सांगायचं. तुमी येकट्यानं."

बंकट माळ हातात घेऊन जवळ आला. बद्रीनाथनं मान पुढं केली. बंकटनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं त्याचं त्याला ठाऊक. त्यानं माळ चावडीखाली भिरकावली. "लाज वाटू द्या," एवढंच म्हणाला. देशमुखांनी हुकूम सोडला, की जमादारानं यापुढं मैदानाच्या रेघेशी बसायचं नाही. बद्रीनाथनं मान हलवली. ही शिक्षा कोतवालीतल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा जड होती आणि त्याला हलकी वाटली.

"पंप आणा," देशमुख म्हणाले. "बीड गाठायचंय."

तेव्हा त्याला ती दिसली. गर्दीच्या मागं, लिंबाच्या बुंध्याशी, पदर कपाळापर्यंत ओढलेला. चेंडूकडे बघत होती.

पंप येईपर्यंत बद्रीनाथनं काय केलं, हे पुढं पालीत पुष्कळ दिवस बोललं गेलं, आणि कुणालाच त्याचा अर्थ लागला नाही. साठीचा तो माणूस खाली बसला. त्यानं चेंडू मांडीत घेतला, नळी ओठांत धरली आणि फुंकायला लागला. सारं मैदान हलवणारी ती छाती. गाल फुगले, मानेच्या शिरा वर आल्या, डोळ्यांत पाणी आलं. चेंडू जरा उठला, पुन्हा बसला. त्यानं पुन्हा श्वास घेतला. कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. चौथ्या दमाला त्याचे हात कापायला लागले, आठव्याला डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी त्यानं नळी सोडली नाही. चेंडू अर्धाही भरला नव्हता.

गर्दी बाजूला झाली. जानकीबाई पुढं आली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं हळूच नळी त्याच्या ओठांतून काढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यानं न्हाई व्हायचं. सिदू येका दमात भरायचा."